पाचला तीन कमी

मंगळवार, 31 जानेवारी 2017. रात्री 10:50

वेळा सगळ्या आपल्या घड्याळाच्या देतो आहे. मूळ नोंदी ग्रिनिचच्या वेळेत आहेत, त्यात साडेपाच तास मिळवले की झालं.

गिटलॅब या कंपनीला ऑफिस नाही. माणसं आपापल्या देशात, आपापल्या घरी बसून काम करतात. ज्या यंत्रांवर काम चालतं तीही त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसतात. त्या काळी ती मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये, म्हणजे भाड्याच्या जागेत होती. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड गिटलॅब डॉट कॉमवर ठेवतात, एकमेकांच्या कामावर टिपणं लिहितात, चुका नोंदवतात. कोड असतो एका जागी. तो कोणाचा, त्यावर कोण काय म्हणालं, हा सगळा जमाखर्च असतो डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसची दोन यंत्रं होती: डीबी-वन हे मुख्य, आणि डीबी-टू हे त्याची नक्कल करत मागे बसणारं.

त्या रात्री त्यांच्यातल्या एका अभियंत्याला एक प्रयोग करून बघायचा होता. डेटाबेसचा भार एका यंत्रावर न टाकता अनेक यंत्रांत वाटता येईल का, हा. प्रयोग अर्थात खऱ्या यंत्रावर नव्हे. त्यासाठी 'स्टेजिंग' नावाची तालमीची जागा असते. तालमीला ताजा माल लागतो. खऱ्या डेटाबेसची एक प्रत रोज सकाळी साडेसहाला आपोआप तिथे जात असे, पण ती तोवर सोळा तास शिळी झाली होती. म्हणून त्याने हाताने एक नवी प्रत काढली.

ही प्रत कशी निघते ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. लिनक्समध्ये एलव्हीएम नावाची सोय आहे. खऱ्या डिस्कांचा एक ढीग करायचा आणि त्यातून पाहिजे तेवढ्या मापाची आभासी डिस्क कापून घ्यायची. संगणकाला ती खरीच वाटते. या आभासी डिस्कचा क्षणार्धात 'स्नॅपशॉट' घेता येतो. क्षणार्धात, कारण त्या वेळी काहीच उतरवून घेतलं जात नाही. तलाठ्याच्या दप्तरासारखं आहे ते. फेरफार होईल तेव्हा आधीची नोंद बाजूच्या वहीत उतरवायची आणि मगच मूळ पानावर खाडाखोड करायची. बाजूची वही आणि मूळ पान एकत्र वाचलं की दहा पन्नासला दप्तर कसं होतं ते जसंच्या तसं दिसतं.

हा स्नॅपशॉट स्टेजिंगवर चढला. बॅकअप म्हणून तो कोणी घेतला नव्हता, हे लक्षात असू द्या.

बुधवार, 1 फेब्रुवारी. रात्री 12:30

डेटाबेसवर अचानक ताण आला. लोकांना टिपणं लिहिता येईनात. पहिला संशय स्पॅमवाल्यांवर गेला, आणि तो खोटा नव्हता. आठवडाभर त्यांचा त्रास चालूच होता. पण ताणाचं आणखी एक कारण नंतर उघडकीला आलं, आणि ते गमतीचं म्हणावं तर गमतीचं, नाहीतर चीड आणणारं आहे. कुणा खोडसाळाने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार ठोकून दिली होती. ती तपासताना चुकून ते खातं हटवण्याच्या यादीत गेलं. आता मागच्या बाजूला एक आज्ञाधारक प्रोग्रॅम त्या कर्मचाऱ्याची वर्षानुवर्षांची प्रत्येक नोंद शोधून शोधून पुसत बसला होता. कंपनी स्पॅमशी लढत होती आणि तिचाच एक हात तिच्याच माणसाला मिटवत होता.

पहाटे 3:30

आपल्या त्या अभियंत्याच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजत आले होते. तो आता आवरून झोपायच्या बेतात होता. तसं त्यानेच नंतर नोंदवून ठेवलं आहे. तेवढ्यात नवीन तक्रार आली: डीबी-टू मागे पडतं आहे.

पहाटे 4:30

डीबी-टू आता नुसतं मागे नव्हतं, थांबलंच होतं.

पेढीवर जसं आधी रोजकीर्द लिहितात आणि मग खतावणी करतात, तसं पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत टिपतो. दुय्यम यंत्र ती रोजकीर्द वाचून आपली खतावणी जुळवत राहतं. जुनी झालेली पानं मुख्य यंत्र फेकून देतं. एरवी त्यात बिघडत नाही. पण त्या रात्री पानं भराभर भरत होती, डीबी-टूला वाचून पुरी होत नव्हती, आणि त्याने न वाचलेली पानंच डीबी-वनने टाकून दिली. जुनी पानं दुसरीकडे जपून ठेवायची व्यवस्था असते, ती गिटलॅबने केलेली नव्हती. मग एकच मार्ग उरतो. दुय्यम यंत्रावरचा सगळा डेटा पुसायचा आणि मुख्य यंत्रावरून पहिल्यापासून नवी प्रत ओढून घ्यायची.

म्हणजे पुसणं हे त्या रात्रीचं रीतसर काम होतं. डीबी-टूवरचा डेटा त्याने पुसला आणि बरोबरच केलं. नंतर प्रत ओढायची आज्ञा दिली. काहीच घडेना. चूक नाही, निरोप नाही, पडद्यावर नुसता लुकलुकणारा ठिपका. पुन्हा दिली. काही खेपांनंतर यंत्र बोललं, की मुख्य यंत्राकडे अशा जोडण्यांना जागा नाही. त्याने ती मर्यादा 3 वरून 32 केली. आता डेटाबेसच सुरू होईना. दुसरीकडे एकूण जोडण्यांचा आकडा 8000 ठेवलेला होता, तो 2000 वर आणला. डेटाबेस उठला. पुन्हा प्रत ओढायची आज्ञा, पुन्हा तीच शांतता.

ती शांतता बिघाडाची नव्हतीच, हे नंतर कळलं. मुख्य यंत्र तयार होऊन पाठवायला लागेपर्यंत तो प्रोग्रॅम मुकाट्याने वाट बघतो. 'थांबा, तयारी चालू आहे' एवढं एक वाक्य त्याने छापलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पहाटे 4:57

अभियंत्याला वाटलं, आधीच्या अर्धवट खेपांनी डीबी-टूच्या फोल्डरमध्ये काही कचरा करून ठेवला असेल. फोल्डर पूर्ण रिकामं असल्याशिवाय हा प्रोग्रॅम हलायचा नाही. त्याने ते फोल्डर पुसायची आज्ञा दिली. लिनक्समध्ये ती दोन-तीन अक्षरांची असते, विचारत नाही, आणि कचऱ्याच्या टोपलीतही काही टाकत नाही.

एक सेकंद गेला, फार तर दोन. मग त्याची नजर ओळीच्या सुरुवातीला असलेल्या यंत्राच्या नावावर गेली. डीबी-टू नव्हे, डीबी-वन.

त्याने लगेच आज्ञा तोडली. सुमारे 300 जीबी गेले होते. उरले होते 4.5.

दोन सेकंदांत एवढं कसं पुसलं जातं, असं कोणी विचारेल. पुस्तक फाडायला वेळ लागतो, अनुक्रमणिकेतलं नाव खोडायला नाही. पोस्टग्रेस आपली मोठी कोष्टकं एकेक जीबीच्या फायलींत ठेवतो, आणि काहीशे नावं खोडणं संगणकाला किरकोळ आहे. मजकूर डिस्कवर पडलेला असतो खरा, पण कुठलं पान कशानंतर येतं हे सांगणारं कोणी उरत नाही.

इथे थोडं माझं. मीही अनेक वर्षं दूरच्या यंत्रांवर काम करत पोट भरलं. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी असतात. दोन्हीत तीच पांढरी अक्षरं, तोच ठिपका, आणि ओळीच्या तोंडाला यंत्राचं नाव. फरक असतो त्या नावातल्या एका आकड्याचा. पहाटे तो आकडा डोळा वाचत नाही, डोक्यात जे आहे तेच वाचतो. एकदा असंच एका ठिकाणी चाचणीचं यंत्र समजून मी चालू यंत्र बंद केलं होतं. आज्ञा दिल्यानंतर जो थंड गोळा छातीतून पोटात उतरतो, तो ज्याच्या पोटात उतरला आहे त्यालाच ठाऊक. माझं यंत्र पाच मिनिटांत पुन्हा उभं राहिलं. त्या दिवसानंतर कित्येक महिने मी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. खऱ्या यंत्राची खिडकी त्याच बाजूला, असा माझा नेम. सहकारी हसायचे.

पहाटे 5:30

संकेतस्थळ बंद केलेलं होतं. आता बॅकअप शोधायचे. डीबी-टूकडून आशा नव्हती. ते तर त्यानेच थोड्या वेळापूर्वी, आणि बरोबरच, रिकामं केलं होतं.

रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या गोदामात जातो, अशी सर्वांची समजूत. गोदाम उघडलं तर रिकामं. डेटाबेस होता 9.6 आवृत्तीचा. बॅकअपचा प्रोग्रॅम चालायचा तिसऱ्याच यंत्रावर. तिथे डेटाबेस नसल्यामुळे आवृत्ती कुठली ते त्याला कळायचं नाही, म्हणून तो आपला 9.2 धरून चालायचा. आवृत्ती जुळत नाही म्हणून रोज बंद पडायचा. बंद पडला की ईमेल पाठवायचा, तेवढा प्रामाणिक होता. पण कंपनीने तोतया ईमेल अडवायला डीमार्क नावाचा पहारा बसवला होता. या ईमेलवर सही नसायची, म्हणून पहारेकरी ते दारातूनच परत पाठवायचे. घरातल्याच माणसाचा आगीचा निरोप, ओळखपत्र नाही म्हणून कुंपणाबाहेर.

दुसरी आशा अझूरच्या डिस्क-स्नॅपशॉटची. ते फाइल ठेवणाऱ्या यंत्रांसाठी चालू होते. डेटाबेसच्या यंत्रांसाठी नव्हते, कारण तिथे बाकीचे उपाय पुरेसे आहेत असं धरून चाललेलं.

मग कोणाला तरी आदल्या रात्रीच्या 10:50 ची आठवण झाली. जो माणूस पुसून बसला होता, त्यानेच सहा तास आधी तालमीसाठी हाताने घेतलेला तो स्नॅपशॉट. त्याला प्रयोगाची घाई नसती तर हाताशी राहिली असती ती सकाळी साडेसहाची प्रत, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस गेला असता.

सकाळी 7:30

स्टेजिंगवरून प्रत इकडे आणायला सुरुवात झाली. इथे मला खरं सांगायचं आहे ते येतं.

आभासी डिस्क म्हटलं की ती वजनाला हलकी असेल असं आपण मनात धरतो. तयार करायला सेकंद, स्नॅपशॉटला सेकंद, पुसायला दोन सेकंद. पण ती उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवायची वेळ आली की तिचं वजन एकदम हाताला लागतं. स्टेजिंग म्हणजे तालमीची जागा, तिथे खर्च कशाला करा, म्हणून तिच्या डिस्का अझूरमधल्या जुन्या, स्वस्त वर्गातल्या होत्या. त्या यंत्राला लावलेल्या दिसत असल्या तरी प्रत्यक्षात जाळ्यावरून येणाऱ्या, आणि त्यांच्या वेगाला वरून बूच मारलेलं: सेकंदाला सुमारे 60 मेगाबिट. प्रोसेसर रिकामे बसलेले, जाळं मोकळं, आणि डिस्क थेंब थेंब देते आहे. चालू डिस्क तिथल्या तिथे महागड्या वर्गात हलवायचीही सोय नव्हती. गणित करून बघा. 300 जीबी या वेगाने वाहायला अकरा तास लागतात, तेही कुठे न अडखळता.

ही थेंबगळती मी अनुभवली आहे. एका मोठ्या संस्थेच्या सर्व्हरवर काही फायली चढवायच्या होत्या. त्या यंत्राचं जाळं बाहेरच्यांना बंद, यूएसबी बंद. दार एकच उघडं होतं: दूरचा कन्सोल, ज्यातून यंत्राचा पडदा आणि कळफलक आपल्याकडे येतात. त्यात एक युक्ती असते. फायलींची आयएसओ, म्हणजे फाइलच्या रूपातली सीडी, आपल्या लॅपटॉपवर बनवायची आणि कन्सोलमधून ती पलीकडच्या यंत्राला 'जोडायची'. तिकडच्या यंत्राला वाटतं आपल्या खणात कोणी सीडी सरकवली. मला पहिल्यांदा ते जादूसारखं वाटलं. मी पुण्यात खुर्चीत, माझी नसलेली सीडी शेकडो किलोमीटरवरच्या नसलेल्या खणात. मग कॉपी सुरू केली. दोन जीबीला रात्र लागली. आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं की तिकडची सीडी नाहीशी होते, हे पहाटे तीनला डुलकी लागून कोपर झाकणावर पडलं तेव्हा कळलं. पुन्हा शून्यापासून. दुसऱ्या खेपेला झाकणाच्या फटीत चपलेचा जोड उभा करून ठेवला होता.

दुपार

आपल्याकडे हा अर्थसंकल्पाचा दिवस होता. पहिल्यांदाच तो 1 फेब्रुवारीला मांडला जात होता, रेल्वेचाही त्यातच. अरुण जेटली लोकसभेत बोलत होते आणि ज्यांचा कोड गिटलॅबवर, अशा आपल्याकडच्या मंडळींना ऑफिसात येऊन करायला फारसं काही नव्हतं. अपघात घडला त्या अभियंत्याच्या रात्री, भरपाई मात्र भारताच्या अख्ख्या कामाच्या दिवसावर पडली. पहाटे पाचपासून रात्री साडेअकरापर्यंत.

गिटलॅबने मात्र एक गोष्ट केली, जी मी त्याआधी कोणा कंपनीला करताना पाहिली नव्हती. चालू डेटा आमच्या हातून पुसला गेला, असं त्यांनी ट्विटरवर सरळ सांगितलं. आपली कामाची वही जगाला उघडी करून दिली: कोणी काय करून पाहिलं, काय फसलं, पुढे काय करणार. त्यात त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं की लावलेल्या पाच उपायांपैकी एकही धड चालत नाही, किंवा मुळात लावलेलाच नाही. मग यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. एका वेळी पाच हजारांवर लोक ते बघत होते. बघण्यासारखं काय होतं? फाइल कॉपी होते आहे, एवढंच. एवढ्या माणसांनी मिळून फाइल कॉपी होताना पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. नुसती गंमत बघायला आलेलेही होते, पण 'हगऑप्स' अशी खूण लावून धीर देणाऱ्यांची रांग लांब होती. पहाटे चुकीच्या खिडकीत टाइप केलेल्यांची बिरादरी मोठी आहे.

त्या अभियंत्याचं नाव कंपनीने नोंदींमधून काढून 'टीम मेंबर एक' केलं. मीही इथे ते देत नाही. नोकरीवरून कोणी त्याला काढलं नाही. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सिड सायब्रॅन्डी यांनी माफी मागितली ती कंपनीच्या नावाने. पुढे करायच्या कामांच्या यादीत बॅकअपची तपासणी होती, रोजकीर्द जपून ठेवणं होतं, आणि एक बारीक नोंदही होती: प्रत्येक यंत्राच्या ओळीच्या तोंडाशी वातावरण वेगळं ओळखू येईल असं करा. म्हणजे माझी चिकटपट्टी.

रात्री 10:30 ते 11:30

साडेदहाला डेटाबेस जागेवर आला, साडेअकराला दार उघडलं. शोधाशोध, वाहतूक, जुळवाजुळव धरून अठरा तासांच्या वर गेले होते.

जे गेलं ते 10:50 आणि पहाटे साडेपाच यांच्या मधलं. किमान पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार टिपणं, सातशेच्या आसपास नवीन खाती. कोड गेला नाही, कारण तो वेगळ्या डिस्कांवर होता आणि तिकडे कोणी हात लावला नव्हता.

पण यातूनच एक विचित्र अडचण उभी राहिली. त्या सहा-साडेसहा तासांत ज्यांनी नवे प्रकल्प उघडले, त्यांचा कोड डिस्कवर शाबूत होता. डेटाबेसला मात्र ते प्रकल्प कधी जन्मलेच नव्हते. आता तो पुढच्या माणसाला तोच क्रमांक देऊ लागला असता, तर नवा माणूस दार उघडून आत जाणार आणि खोलीत कोणा भलत्याचं सामान लावलेलं. म्हणून दार उघडण्यापूर्वी त्यांनी सगळ्या अनुक्रमांकांत एक लाख मिळवले आणि मोजणी तिथून पुढे सुरू केली. मधले क्रमांक कोणालाच दिले नाहीत.